धर्मादाय चाळी आणि त्यांचा कारभार

गरिबांसाठीं घरें बांधणाऱ्या संस्थेची कीर्ति तिच्या वार्षिक अहवालावरून पसरते. परंतु भाडेकऱ्याला ती संस्था भेटते ती दर आठवड्यास दाराशीं येणाऱ्या भाडें वसूल करणाऱ्या माणसाच्या रूपानें. त्या माणसाच्या हातीं अधिकार किती, आणि त्याच्या पाठीशीं असलेला कारभार कसा, यावर पुष्कळसें अवलंबून असतें. एकोणिसाव्या शतकांतील लंडन शहरांत याचें चांगलें उदाहरण सांपडतें.

इ. स. १८६५ मध्यें जॉन रस्किन या प्रसिद्ध ग्रंथकारांनीं मॅरिलबोन भागांतील पॅरडाइज प्लेस येथील तीन मोडकळीस आलेलीं घरें विकत घेऊन ऑक्टेव्हिया हिल या तरुण बाईंच्या स्वाधीन केलीं. भांडवलावर शेंकडा ५ उत्पन्न यावें, एवढीच अपेक्षा होती. बाई दर आठवड्यास भाडें वसूल करीत; बाकी तुंबूं देत नसत. दुरुस्तीसाठीं वर्षाची रक्कम अगोदरच ठरलेली असे, आणि मोडतोड कमी झाल्यामुळें तींतून जें उरे तें भाडेकऱ्यांच्या पसंतीच्या सुधारणेवर खर्च होई. अशा चाळींत खिडकीची कांच फोडणाऱ्या पोराचा कान धरावयास शेजारीणच पुढें येणार! येथें पैसा एकाचा असला तरी निर्णय जागच्या जागीं होत असे, आणि निर्णय करणाऱ्या व्यक्तीस प्रत्येक बिऱ्हाडाची माहिती असे.

पुढें याच धर्तीवर कंपन्या निघाल्या. ईस्ट एंड ड्वेलिंग्ज कंपनीनें गोदीजवळ बांधलेली कॅथरिन बिल्डिंग्ज ही इमारत १८८५ सालीं उघडली. तेथील कामावर एला पायक्रॉफ्ट व बिॲट्रिस पॉटर या दोन सुशिक्षित तरुणींची नेमणूक झाली. दुसऱ्या म्हणजे पुढें प्रसिद्धीस आलेल्या बिॲट्रिस वेब. काम परोपकाराचें, पण नकाशा संचालकांनीं आधींच पक्का केलेला! खोल्या एकाच मापाच्या, एकाच मळकट तांबड्या रंगाच्या. आंत मोरी नाहीं, पाण्याचा नळ नाहीं. सुमारें ६० खोल्यांना मिळून जिन्याजवळ ३ मोऱ्या व ६ नळ, आणि लांकडी पडद्याआड सामायिक शौचकूप, त्यांत पाणी सोडावयाचें दर तीन तासांनीं. मुंबईच्या चाळींत ज्यांचें बालपण गेलें त्यांना याचा अर्थ निराळा सांगावयास नको. कमींत कमी खर्चांत जास्तींत जास्त खोल्या, हा हिशेब कागदावर बिनचूक होता. त्याचें प्रायश्चित्त मात्र जिन्यांवरून भाड्याची वही घेऊन हिंडणाऱ्या या दोघींना घ्यावें लागलें. कोणाला खोली द्यावयाची, कोणाची बाकी किती दिवस सोसावयाची, दारुड्याला केव्हां बाहेर काढावयाचें, हे सर्व कटु निर्णय त्यांचे. ज्या मांडणीमुळें भांडणें उपजत ती बदलणें मात्र त्यांच्या हातीं नव्हतें. जबाबदारी खालीं आणि अधिकार वर, अशी ही वांटणी होती. सद्भावनेनें आलेला कामकरी अशा ठिकाणीं लवकर थकतो. पॉटरबाईंच्या आत्मवृत्तांत हा थकवा स्पष्ट उमटला आहे.

तथापि त्यांनीं एक गोष्ट केली. भाडेकऱ्यांची नीट नोंद ठेवली पाहिजे, असें त्यांना वाटूं लागलें, आणि त्याविषयीं त्या हिलबाईंशीं बोलल्या. हिलबाईंना तें रुचलें नाहीं. बोलणें फार झालें, आतां काम हवें, असा त्यांचा कल होता. ज्यांची जागेवरची व्यवस्था इतकी चोख, त्यांना नोंदीची गरज कां भासावी? परंतु एका बाईच्या स्मरणांत मावणारा कारभार शेंकडों खोल्यांना पुरत नाहीं, हें येथें त्यांच्या ध्यानांत आलें नसावें.

१८८५ च्या अखेरीस वडिलांच्या आजारामुळें पॉटरबाईंना हें काम सोडावें लागलें. पायक्रॉफ्टबाई १८९० पर्यंत टिकून राहिल्या. बिऱ्हाडाबिऱ्हाडाची हकीकत लिहिलेली ती दोघींची वही लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या ग्रंथालयांत जपून ठेविलेली आहे.