नव्या गाडीचे टायर वर्षभरातच का झिजतात?

नवी गाडी घेतली की दोन-तीन वर्षे टायरकडे बघायचे कारण नाही, असा आपल्याकडे सर्रास समज आहे. इंजिनचे ऑइल वेळेवर बदलले जाते, फुकट सर्व्हिसिंगच्या तारखा पाठ असतात, पण टायर 'नवेच आहेत' म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. मग एके दिवशी पंक्चर काढणारा मिस्त्री चाक फिरवून दाखवतो आणि आतल्या कडेची तार उघडी पडलेली दिसते. गाडी जेमतेम बारा-पंधरा हजार किलोमीटर चाललेली असते आणि कर्जाचे हप्ते अजून तीन वर्षांचे बाकी असतात.

ही तक्रार करणाऱ्यांत छोटा मालवाहू टेम्पो चालवणारे जास्त. कोणी बेकरीचा माल पोहोचवतो, कोणी फळे, कोणी भंगार, कोणी कापडाचे तागे. पहिला प्रश्न ठरलेला असतो: टायर खराब निघाले, कंपनी बदलून देईल का? आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न, टायर नेमका कोठे झिजला हा आहे. कारण झीज कोठे आहे यावरच दोष कोणाचा हे ठरते, आणि दोष कोणाचा हे ठरल्याशिवाय भरपाई मागता येत नाही.

टायर मधोमध झिजला आणि दोन्ही कडा शाबूत असतील तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा गेल्या आणि मध्य शिल्लक असेल तर हवा कमी होती किंवा माल जास्त होता, बहुधा दोन्ही. ठिकठिकाणी खोलगट चट्टे पडले असतील तर शॉकअब किंवा चाकाचे बॅलन्सिंग तपासावे. एकाच जागी सपाट घासलेला भाग दिसला तर ब्रेक लागताना चाक जाम होत आहे.

नव्या गाडीत सर्वांत जास्त नुकसान करते ती एकाच कडेची झीज. पुढच्या चाकांची तोंडे किंचित बाहेर किंवा आत वळलेली असली की चाक नुसते फिरत नाही, ते फिरता फिरता आडवे घासतही जाते. चाक फक्त अर्ध्या अंशाने वाकडे आहे असे धरा. डोळ्याला ते दिसणारही नाही. पण हिशेब केला तर प्रत्येक किलोमीटरमागे ते चाक पावणेनऊ मीटर आडवे ओढले जाते. म्हणजे दहा हजार किलोमीटरमध्ये सुमारे ८७ किलोमीटर नुसती घसपट! असा टायर कोणत्याही कंपनीचा असो, टिकणार कसा?

याची परीक्षा घरच्या घरी होते. गाडी उभी करून हाताचा तळवा टायरच्या नक्षीवरून आतून बाहेर आणि मग बाहेरून आत असा आडवा फिरवावा. एका दिशेने हात गुळगुळीत सरकला आणि उलट दिशेने करवतीच्या दात्यांसारखे बोचले, तर अलाइनमेंट बिघडलेले आहे असे समजावे. आतली कडा बघताना स्टिअरिंग पूर्ण वळवून चाक बाहेर काढावे, कारण सरळ उभ्या गाडीत ती दिसतच नाही. बरेचसे नुकसान तेथेच लपलेले असते.

नव्या गाडीचे अलाइनमेंट बिघडेल कसे, असे वाचक विचारतील. गाडी कारखान्यातून ट्रेलरवर बांधून येते. शोरूमच्या यार्डात ती महिनोन्‌महिने उभी असू शकते. वाहतुकीसाठी टायरमध्ये जादा हवा भरलेली असते, ती गाडी ताब्यात देताना कमी करायची राहून जाते. शिवाय मालवाहू गाडी घेतल्यावर आपण तिला थोडेच तशी ठेवतो? फळ्या उंच करतो, लोखंडी जाळी बसवतो, मागच्या पाट्यांत एखादा पाटा वाढवतो. यामुळे गाडीचे वजन आणि उंची बदलते. बॉडीचे काम झाल्यावर अलाइनमेंट पुन्हा तपासून घेणारे मालक आम्हाला फार थोडे भेटले आहेत. आणि पहिल्याच पावसाळ्यात एक मोठा खड्डा पुरतो.

पाटा वाढवण्याबद्दल आणखी एक गोष्ट. पाटे वाढवले की गाडी बसत नाही, त्यामुळे तिची ताकद वाढली असे वाटते. टायरची ताकद मात्र तेवढीच राहते. प्रत्येक टायरच्या बाजूवर मापाच्या शेजारी एक आकडा असतो, तो त्याने पेलायच्या वजनाचा. ८६ म्हणजे ५३० किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो, १०० म्हणजे ८०० किलो. हे वजनसुद्धा हवा नेमून दिल्याप्रमाणे भरलेली असेल तरच, आणि त्यात रिकाम्या गाडीचे वजन धरायचे असते. हवेचा दाब किती ठेवायचा हे बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरच्या दरवाजाजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत लिहिलेले असते. भरल्या गाडीसाठी आकडा वेगळा असेल तर तो पाळावा. हवा सकाळी, चाके थंड असताना तपासावी. चालून आलेल्या गाडीच्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो आणि पंपवाला तो 'बरोबर' करून देतो. टायर थंड झाला की हवा कमी पडते. हवामान दहा अंशांनी थंड झाले तरी दाब दीड-दोन पीएसआयने उतरतो, म्हणून थंडीच्या सुरुवातीला एकदा जरूर बघावे.

ज्यांनी अलीकडे बॅटरीवर चालणारी मालवाहू गाडी घेतली त्यांनी आणखी जागरूक असावे. बॅटरीचे वजन जास्त आणि ॲक्सिलरेटर दाबताच पूर्ण जोर चाकावर, त्यामुळे झटक्याने गाडी काढण्याची सवय असलेल्या ड्रायव्हरच्या हाती टायर लवकर संपतात.

आता मोजमाप. आपल्या कारागीर वाचकांकडे व्हर्निअर असतेच. त्याच्या मागून निघणारी बारीक पट्टी टायरच्या खाचेत टेकवली की खोली मिळते. कारच्या नव्या टायरची खाच साधारण ७ ते ८ मिलिमीटर असते. खाचेच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात. कार व छोट्या मालवाहू गाडीत ते १.६ मिलिमीटरचे. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. समजा, खाच ८ मिलिमीटर होती आणि पाच हजार किलोमीटरनंतर ७ भरली. वापरायची जागा ६.४ मिलिमीटर, म्हणजे टायर ३२ हजारांपर्यंत जाईल. पण पाच हजाराला ६ च भरली तर तो १६ हजारातच जाणार, हे तेव्हाच कळते. खाच आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला अशी तीन ठिकाणी मोजावी आणि तारीख व किलोमीटरसह वहीत लिहावी. धंद्याच्या हिशेबाच्या वहीत या चार ओळी जड नाहीत.

हे आकडे भरपाई मागताना कामी येतात. गाडीच्या वॉरंटी पुस्तिकेत बहुधा लिहिलेले असते की टायर व बॅटरीची वॉरंटी त्या त्या बनवणाऱ्याची. शोरूम म्हणते, टायर कंपनीकडे जा. टायर कंपनीचा माणूस येतो, कडेची झीज बघतो आणि सांगतो की टायरमध्ये दोष नाही, गाडीत आहे. पुन्हा शोरूमकडे गेलात की 'झीज वॉरंटीत येत नाही'. या येरझाऱ्यांत वॉरंटी संपते आणि बिचारा मालक गुपचूप नवे टायर घालतो. असेही टेम्पोवाले आम्ही पाहिले आहेत, ज्यांचे असे घातलेले नवे टायरसुद्धा त्याच कडेला, तितक्याच लवकर गेले. कारण मूळ दोष कोणी काढलाच नव्हता.

गाडीवाला आणि टायरवाला एकमेकांकडे बोट दाखवतात ही गोष्ट केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत २००० साली फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. त्यांतले बरेच फोर्डच्या एक्स्प्लोरर गाड्यांवर होते. तो प्रश्न झिजेचा नव्हता, टायरची नक्षी सुटून अपघात होण्याचा होता. तरी वाद असाच: फोर्डने २६ पीएसआय हवा सांगितली होती, फायरस्टोनचे म्हणणे ३० हवी होती. २००१ मध्ये या दोन कंपन्यांचे जवळजवळ शंभर वर्षांचे संबंध तुटले. एवढ्या मोठ्यांचे जेथे एकमत झाले नाही, तेथे छोट्या टेम्पोमालकाने तोंडी बोलण्यावर विसंबू नये.

आमचा सल्ला असा. टायर कंपनीने दावा नाकारला तर चिडून परत फिरू नका. तो नकार कारणासह लेखी मागा. 'अलाइनमेंटच्या दोषामुळे झीज' असे त्यांनी लिहून दिले तर तोच कागद शोरूमपुढे ठेवता येतो. गाडी नवी असेल, अपघात झालेला नसेल, आपण स्वतः काही फेरबदल केलेले नसतील आणि किलोमीटर कमी असतील, तर त्या कागदाला वजन आहे. यासाठी अलाइनमेंट आधी दुरुस्त करून घेण्याची घाई नको. संगणकी यंत्रावर दुरुस्तीपूर्वीचे आणि नंतरचे आकडे छापून मिळतात. 'पूर्वीचा' कागद हाच पुरावा. तो हातात आल्याखेरीज मिस्त्रीला पान्हा लावू देऊ नये. पुष्कळ छोट्या गाड्यांत चाकांचा आत-बाहेर कल तेवढा जुळवता येतो, बाकीचे कोन जुळवता येत नाहीत. ते मर्यादेबाहेर असतील तर एखादा भाग वाकलेला किंवा चुकीचा बसलेला असण्याची शक्यता मोठी, आणि तो प्रश्न टायरच्या नव्हे, गाडीच्या वॉरंटीचा.

दोघांनी हात वर केले तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. मात्र धंद्यासाठी घेतलेली गाडी म्हटली की समोरचा वकील लगेच म्हणतो, हा ग्राहकच नव्हे. ते अर्धेच खरे आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू वगळली असली, तरी केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी घेतलेली व स्वतः वापरलेली वस्तू वगळलेली नाही. १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याची उदाहरणेच दिली: स्वतः चालवण्यासाठी रिक्षा किंवा ट्रक घेणारा, स्वतः काम करण्यासाठी लेथ घेणारा हा ग्राहकच, मदतीला एक-दोन माणसे घेतली म्हणून तो ग्राहक राहत नाही असे नाही. पण गाडी घेऊन ती सर्वस्वी दुसऱ्याच्या हाती चालवायला दिली, तर हे संरक्षण मिळत नाही. आपल्या वाचकांत दोन्ही प्रकारचे लोक आहेत, तेव्हा आपण कशात बसतो हे आधी पाहावे. तक्रार आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षांची आहे आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून बघावी. काही वेळा तेवढ्यानेही उत्तर येते.

एक काम मात्र तक्रार निकाली निघेपर्यंत करू नये: जुने टायर नव्याच्या बदल्यात दुकानदाराला देऊन टाकू नयेत. चार-पाचशे रुपये सुटतात खरे, पण आयोगाला वाटले तर वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवता येते, आणि टायरच नसेल तर पाठवणार काय? चाके खोलताना प्रत्येक टायरवर पांढऱ्या रंगाने 'पुढचे डावे', 'पुढचे उजवे' असे लिहून, त्यावरचा क्रमांक आणि त्या दिवशीचे किलोमीटर टिपून, ते सावलीत ठेवून द्यावेत. बाजूवरच्या चार आकड्यांचीही नोंद करावी: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. गाडी नवी आणि टायर मात्र दीड-दोन वर्षांपूर्वीचा निघाला, तर तेही तक्रारीत लिहावे.