प्रवासाचे भय : आकडा की हकिकत?

बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील देडतलाईहून धारणीला जाणारा रस्ता पुढे हरिसाल, सेमाडोह असा मेळघाटाच्या जंगलातून परतवाड्यास उतरतो. या वाटेने निघालेल्या नवख्या प्रवाशाच्या मनात पहिला विचार येतो तो वाघाचा. वाघ आडवा आल्याच्या हकिकती त्याच्या कानी आधीच पडलेल्या असतात. घाटातल्या वळणावर भरधाव आलेल्या मालमोटारीची हकिकत मात्र कोणी रंगवून सांगत नाही. वस्तुतः अधिक भ्यावे ते त्या वळणालाच. सप्टेंबर 2024 मध्ये सेमाडोहजवळ एक खासगी बस पुलावरून कोसळून काही प्रवासी प्राणास मुकले, त्यात वाघाचा काडीचाही संबंध नव्हता.

जे चटकन आठवते तेच वारंवार घडत असले पाहिजे, असे मन धरून चालते. ट्वर्स्की व काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी 1973 मध्ये ही खोड विशद करून दाखविली. तिची किंमत कधी कधी फार जबर पडते. 11 सप्टेंबर 2001 च्या विमानहल्ल्यांनंतर अनेक अमेरिकन लोकांनी विमान टाळून मोटारीचा रस्ता धरला. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांच्या अंदाजाप्रमाणे त्यानंतरच्या वर्षभरात तेथील रस्त्यांवर सुमारे 1,500 माणसे अधिक दगावली. जीव वाचविण्यासाठी निवडलेल्या वाटेनेच त्यांचा घात केला.

मग आकड्यांनी तरी माणसाचे डोळे उघडावेत की नाही? भारतात 2022 या एका वर्षी रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मृत्यू पावली; म्हणजे दररोज सुमारे 460. हा आकडा वर्तमानपत्रात छापून आला, लोकांनी वाचला आणि चहाचा पेला खाली ठेवण्याच्या आत विसरला. लाखाच्या आकड्याला चेहरा नसतो.

चेहरा मिळाला की काय होते, हे त्याच वर्षी दिसले. 4 सप्टेंबर 2022 रोजी पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री मोटार अपघातात मरण पावले. ते मागच्या आसनावर होते व त्यांनी पट्टा बांधलेला नव्हता. मागे बसणाऱ्यानेही पट्टा बांधावा हा नियम तेव्हाही होताच. पण त्याची घरोघर चर्चा झाली ती या एका मृत्यूनंतर. जे वर्षानुवर्षांच्या आकड्यांना साधले नाही, ते एका बातमीने साधले.

तथापि हकिकत निवड करते, आणि ती न्यायाने करीत नाही. 2022 मध्ये पट्टा न बांधलेले 16,715 लोक अपघातांत गेले, तर शिरस्त्राण न घातलेले 50,029, म्हणजे जवळजवळ तिप्पट. त्यांतले बहुतेक बाजाराला, शेतावर वा सोयऱ्यांकडे दुचाकीवरून निघालेले साधे लोक असणार. त्यांच्यापैकी एकाचेही नाव देशाच्या तोंडी झाले नाही. देडतलाईसारख्या गावाला पालघरच्या मोटारीपेक्षा हाच आकडा अधिक जवळचा आहे.

आकडा आणि हकिकत यांची गाठ एका ठिकाणी पडते. राष्ट्रीय महामार्गावरील सुमारे 500 मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू वा गंभीर दुखापतीचे पाच अपघात, अथवा दहा मृत्यू घडले, तर सरकारी दप्तरात त्या जागेची नोंद 'अपघातप्रवण' अशी होते. गावकऱ्यांना अशी जागा मोजदाद न करताही ठाऊक असते. तिथे कोण पडले, कोणाची गाडी उलटली, हे ते नावानिशी सांगतात. दप्तरातली नोंद आणि गावातली नावे एकाच वळणाची असली, की तिथे चालक आपण होऊन वेग आवरतो.