श्रद्धा असूनही भीती वाटते, मग?

गेल्या महिन्यात एका छोट्या अभ्यासवर्गात मी माझ्या संशोधनाविषयी बोलले. विषय नेहमीचाच, धर्मश्रद्धा आणि सामाजिक चळवळी. सगळे उठून चहाला गेले, पण मागच्या रांगेतल्या एक काकू थांबल्या. दर रविवारी न चुकता चर्चला जाणाऱ्या. दोन दिवसांनी त्यांच्या यजमानांचं हृदयाचं ऑपरेशन होतं. म्हणाल्या, "रोज प्रार्थना करते गं. तरी रात्री छातीत धडधडतंच. माझी श्रद्धाच कमी पडते का?"

मला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. "काळजी करू नका, सगळं नीट होईल," असं काहीतरी पुटपुटले. घरी आल्यावर स्वतःचाच राग आला. कारण नेमक्या याच प्रश्नावरची कागदपत्रं मी दोन वर्षं वाचते आहे. म्हणून आजचा लेख त्या काकूंसाठी, आणि तुमच्यापैकी ज्यांना हा प्रश्न कधी ना कधी पडला असेल त्यांच्यासाठी.

त्यासाठी आपल्याला जरा लांब जावं लागेल. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं मॉंटगोमेरी शहर, साल १९५६.

देवावर प्रबंध लिहिलेला माणूस

मार्टिन ल्यूथर किंग हे नाव तुम्हाला माहीत आहेच. पण त्या वेळचे किंग म्हणजे पुतळ्यातले किंग नव्हेत. वय २७. जून १९५५ मध्ये बोस्टन विद्यापीठाची पीएच.डी. हातात पडलेली. प्रबंधाचा विषय होता पॉल टिलिख आणि हेन्री नेल्सन वीमन या दोन विचारवंतांची देवाविषयीची संकल्पना. म्हणजे देव या विषयावर वाचण्यासारखं जे काही होतं, त्यातलं बरंच या माणसाने वाचलेलं होतं. वडील पाळक, आजोबा पाळक, आणि स्वतः डेक्स्टर ॲव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्चचे पाळक.

१ डिसेंबर १९५५ ला रोझा पार्क्स यांना बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी न सोडल्याबद्दल अटक झाली. ५ डिसेंबरला शहरातल्या कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार घातला. ठरला होता एका दिवसाचा, चालला ३८१ दिवस. नेतृत्व आलं या नव्या, तरुण पाळकाकडे. आणि त्याबरोबर आली धमकीची पत्रं आणि फोन.

२६ जानेवारी १९५६ ला पोलिसांनी किंग यांची गाडी अडवली. गुन्हा काय? ताशी २५ मैलांची मर्यादा असताना ३० मैलांनी गाडी चालवली. पोलिसांच्या गाडीत बसल्यावर ती अनोळखी रस्त्याने जाऊ लागली, तेव्हा किंग यांची खात्रीच पटली, की आपल्याला कुठल्यातरी जमावाच्या हवाली करायला नेत आहेत. शेवटी तुरुंगाची पाटी दिसली आणि त्यांना हायसं वाटलं! तुरुंग पाहून सुटकेचा निःश्वास टाकणं म्हणजे माणूस किती घाबरलेला असेल, बघा.

दुसऱ्या दिवशी, २७ जानेवारीच्या रात्री उशिरा, फोन वाजला. शहर सोडून जा, नाहीतर पस्तावशील, अशा अर्थाची धमकी. असे फोन रोजचेच होते. पण त्या रात्री झोप लागेना. पत्नी कोरेटा आणि दोन-सव्वादोन महिन्यांची मुलगी आत झोपलेल्या. किंग स्वयंपाकघरात गेले, कॉफी गरम केली, आणि भित्रा न ठरता यातून बाहेर कसं पडता येईल याचा विचार करू लागले. कॉफी तशीच राहिली. मग टेबलावर डोकं टेकवून त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली. मी घाबरलोय, लोक माझ्याकडे बघतायत, आणि माझ्यात आता काहीच बळ उरलेलं नाही, असा तिचा आशय होता.

या प्रार्थनेकडे जरा थांबून बघा. तिच्यात 'माझी भीती घालव' अशी मागणी नाही. 'मी घाबरलोय' ही कबुली आहे. किंग सांगतात, की त्याच क्षणी देवाचं सान्निध्य त्यांना असं जाणवलं, जसं आधी कधीच जाणवलं नव्हतं. न्यायासाठी उभा राहा, मी सोबत आहे, असा आतला आवाज आला आणि भीती ओसरू लागली.

तीन दिवसांनी, ३० जानेवारीला, किंग सभेत असताना त्यांच्या घराच्या ओसरीवर बॉम्ब फुटला. सुदैवाने आई आणि बाळ सुखरूप राहिले. बाहेर संतापलेला जमाव जमला, काहींच्या हातात शस्त्रं होती. किंग त्याच मोडक्या ओसरीवर उभे राहिले आणि लोकांना शांतपणे घरी जायला सांगितलं.

पण हे आपल्याला कळलं कसं?

आता संशोधकाचा खडूसपणा थोडा सहन करा. स्वयंपाकघरात त्या रात्री दुसरं कुणी जागं नव्हतं. म्हणजे साक्षीदार एकच, खुद्द किंग. हा अनुभव त्यांनी १९५८ च्या आपल्या पुस्तकात लिहिला, नंतर प्रवचनांतून अनेकदा सांगितला. आणि सांगताना तो थोडा बदलत गेला. १९५८ मध्ये तो 'जणू आतला आवाज' आहे. १९६७ च्या शिकागोतल्या प्रवचनात मात्र येशू थेट नाव घेऊन बोलतो.

तुम्ही म्हणाल, मग हे रचलेलं आहे का? मला तसं वाटत नाही. आपणही आयुष्यातली मोठी घटना दर वेळी त्याच शब्दांत सांगत नाही. शिवाय त्या रात्रीनंतर ते काय करत गेले याच्या स्वतंत्र नोंदी आहेत. आवाज कुणाचा होता, हे इतिहास ठरवू शकत नाही. त्यानंतर माणूस कसा वागला, एवढंच इतिहास बघू शकतो. आणि खरी गंमत तिथेच आहे.

त्या रात्रीनंतर भीती संपली का?

नाही. बॉम्बनंतर किंग यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला. तो नाकारला गेला. घराभोवती पहारा होता, घरात शस्त्रं होती. 'मी सोबत आहे' हे ऐकल्यानंतरच्या आठवड्यातली ही गोष्ट! पुढे त्यांनी आणि कोरेटा यांनी घरात शस्त्र ठेवायचं नाही असं ठरवलं. यामागचं त्यांचं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. घरात बंदूक होती तेव्हा त्यांना जास्त भीती वाटायची. ती गेल्यावर मरणाच्या प्रश्नाला सरळ सामोरं जावं लागलं, आणि तो प्रश्न एकदाचा हाताळल्यावर भीतीची पकड सैल झाली.

तरीही सैलच, नाहीशी नव्हे. बहिष्काराच्या काळात एका सोमवारच्या सभेत किंग यांनी उसनं अवसान आणून भाषण केलं. ते मदर पोलार्ड नावाच्या वृद्ध बाईंच्या लक्षात आलं. शिक्षण फारसं नाही, पण नजर तीक्ष्ण. त्यांनी किंगना जवळ बोलावून विचारलं, की आज तुझं काय बिनसलंय? आम्ही सोबत आहोत, आणि समजा नसलो तरी देव तुला सांभाळेल, असं त्यांनी सांगितलं. देवावर पीएच.डी. केलेल्या माणसाला धीर दिला तो या आजींनी.

१४ जानेवारी १९५७ ची गोष्ट तर आणखी पुढची. बहिष्कार यशस्वी झाला होता, पण चारच दिवसांपूर्वी चर्चवर आणि पाळकांच्या घरांवर बॉम्ब पडले होते. सभेत प्रार्थना करताना किंग यांचा बांध फुटला. पुढे बोलवेना. सहकाऱ्यांनी धरून खुर्चीत बसवलं. आणि २७ जानेवारी १९५७ ला, स्वयंपाकघरातल्या त्या रात्रीला बरोब्बर एक वर्ष झालं तेव्हा, ओसरीवर न फुटलेलं डायनामाइट सापडलं. दिवस रविवारचा. किंग चर्चमध्ये गेले आणि वर्षापूर्वीच्या त्या अनुभवाबद्दल बोलले.

एकट्याची श्रद्धा आणि सगळ्यांची

आपण हा प्रसंग एका थोर माणसाचा म्हणून वाचतो, पण तिथे चूक होते. श्रद्धा असली की धैर्य आपोआप येतं असंही नाही. ५ डिसेंबर १९५५ च्या बैठकीत काही पाळकच नावं गुप्त ठेवा म्हणत होते, आणि ई. डी. निक्सन या कामगार नेत्याने त्यांना भित्रे म्हणून चांगलंच झापलं होतं. शहरातल्या गोऱ्या चर्चमध्येही तोच बायबल वाचला जात होता, तरी तिथले बहुतेक पाळक गप्प राहिले. रॉबर्ट ग्रेट्झ हे गोरे लुथरन पाळक बहिष्काराच्या बाजूने उभे राहिले, तर त्यांच्याही घरावर बॉम्ब पडला.

मग फरक कशाने पडला? समाजशास्त्रज्ञ ॲल्डन मॉरिस यांनी १९८४ च्या पुस्तकात दाखवलं, की कृष्णवर्णीयांची चर्चेस ही चळवळीची यंत्रणाच होती. जमायला जागा, पैसा, नेते, माणसं, सगळं तिथेच. मी त्यात एक गोष्ट जोडेन. भीती वाटून घ्यायची जागाही तीच होती. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, सभा व्हायच्या. गाणी, प्रार्थना, प्रवचन, मग उद्याच्या गाड्यांची व्यवस्था. महिनोन् महिने. धैर्य हा इथे सरावाचा भाग झाला.

त्याचं फळ बघायचंय? फेब्रुवारी १९५६ मध्ये ८९ जणांवर खटले भरले गेले. पूर्वी पोलीस दिसले की थरथरणारी माणसं आता स्वतःच पोलिसांकडे जाऊन विचारत होती, माझं नाव यादीत आहे का? आणि १३ नोव्हेंबर १९५६ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, त्या रात्री कू क्लक्स क्लॅनच्या गाड्या वस्तीतून फिरल्या. एरवी लोक दारं लावून, दिवे मालवून बसायचे. त्या रात्री दिवे चालू, दारं उघडी, लोक ओसरीवर उभे, जणू सर्कशीची मिरवणूक चालली आहे. काहींनी तर हात हलवले! 'भित्यापाठी ब्रह्मराक्षस' म्हणतो ना आपण? इथे भिणारेच उरले नाहीत, तर ब्रह्मराक्षस मुकाट्याने गल्लीतून निघून गेला.

तर काकू...

किंग यांचं भीतीवर एक स्वतंत्र प्रवचन आहे. त्याला आधार योहानाच्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाचा, जिथे परिपूर्ण प्रीती भीतीला घालवते असा विचार येतो. पण त्या प्रवचनात किंग भीतीला पाप म्हणत नाहीत. जंगलात सापाला भिणं साहजिक, शहरातल्या फ्लॅटमध्ये गालिच्याखाली साप असेल म्हणून भिणं हा आजार, हे फ्रॉइडचं उदाहरण ते देतात. साहजिक भीती आपल्याला जपते, ती समूळ काढायची नसते, ताब्यात ठेवायची असते. त्यासाठी ते चार गोष्टी सांगतात. भीतीकडे सरळ बघणं, धैर्य, प्रेम आणि श्रद्धा. श्रद्धा यादीत शेवटी आहे आणि बघणं पहिलं, हे मला लक्षणीय वाटतं. आणि गेथशेमाने बागेत खुद्द येशू व्याकूळ झाला, मित्रांना जागे राहा म्हणाला, हे तर शुभवर्तमानातच आहे.

म्हणून काकू, त्या दिवशी द्यायला हवं होतं ते उत्तर आज देते. ऑपरेशनच्या आदल्या रात्री छातीत धडधडणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे. तुमचं माणूस तुम्हाला प्रिय आहे, एवढाच त्याचा अर्थ. देवापुढे 'मी घाबरलेय' म्हणायला लाजू नका. आणि त्या रात्री एकट्या बसू नका, कुणाला तरी सोबतीला बोलवा. धडधडत्या छातीने सकाळी उठून दवाखान्यात गेलात, यजमानांचा हात धरलात, की मॉंटगोमेरीच्या त्या माणसांनी जे केलं तेच तुम्ही केलेलं असेल.