जामखेडची शाळा आणि हिमायतनगरची सुट्टी

मे महिन्याच्या दुपारी नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगरच्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं. बारावीची परीक्षा झालेली असते आणि घरात एकच विषय चालू असतो, ‘नीट’ला किती पडतील? ज्यांच्या घरी पैशांची सोय लागते ती पोरं क्लासला लातूर-नांदेड गाठतात. उरलेली शेतात, दुकानात, तांड्यावर किंवा मोहल्ल्यात सुट्टी काढतात. त्यांना विचारा, आरोग्याच्या क्षेत्रात काय काय होता येतं? उत्तर ठरलेलं असतं: डॉक्टर, नर्स, नाहीतर मेडिकलचं दुकान.

गावाच्या विहिरीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकल्यावर आरोग्यसेवक नळाखाली छोटी नळी धरतो, त्यात थेंबभर औषध सोडतो आणि पाणी पिवळं होतं का ते पाहतो. ही ओटी टेस्ट. पिवळा रंग आला नाही तर पाण्यात क्लोरीन उरलेलं नाही आणि गावात गॅस्ट्रोची साथ येऊ शकते. ही टेस्ट या पोरांनी दहादा पाहिलेली असते. पण ते सार्वजनिक आरोग्याचं काम आहे, त्याचं शिक्षण आहे, त्यात पदवी आणि नोकरी आहे, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

अमेरिकेत हे सांगायला उन्हाळ्याची सुट्टी वापरतात. तिथल्या कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि मूळनिवासी समाजांतले डॉक्टर आणि आरोग्य अधिकारी लोकसंख्येच्या मानाने फार थोडे आहेत. म्हणून काही कार्यक्रमांत कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सहा ते दहा आठवडे विद्यापीठात ठेवून घेतात. शिकवणं फुकट, राहणं फुकट, वर हातखर्चाला विद्यावेतन. सकाळी साथरोगशास्त्र, दुपारी एखाद्या आरोग्य खात्यात प्रत्यक्ष काम. दार कुठे आहे हे दाखवलं तर मुलं आत येतात, या विश्वासावर हे चालतं.

तो विश्वास खरा असल्याचा पुरावा आपल्याकडे पन्नास वर्षांहून जुना आहे. बीड जिल्ह्याला लागून असलेल्या जामखेडला.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेलं जोडपं. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि परत येऊन १९७० साली जामखेडला सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. पहिला दवाखाना जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत. त्या काळात त्या भागात जन्मलेल्या हजार बाळांतली १७६ वर्षाच्या आत दगावत. पाठोपाठ बहात्तरचा दुष्काळ आला. बोअर घ्यायचे ठरले तेव्हा आरोळ्यांनी हातपंप दलित वस्तीत बसवून घेतले. पाणी हवं तर सगळ्या गावाने तिथे यायचं. साथीचे आजार आणि शिवाशिव, दोन्हींवर एकाच वेळी घाव घातला गेला.

सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्स गावोगावी ठेवल्या. ते जमलं नाही. बाहेरची तरुण बाई परक्या गावात एकटी राहायची कशी? आणि तिचं ऐकणार कोण? मग गावातलीच बाई निवडायचं ठरलं, तेही गावाने निवडायचं. ज्या आल्या त्यांतल्या बऱ्याच दलित, बऱ्याच निरक्षर, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या जामखेडला येऊन राहत, शिकत आणि परत गावात जाऊन काम करत. बाळाचं वजन कसं करायचं, जुलाब लागल्यावर साखर-मिठाचं पाणी कसं द्यायचं, अडणारं बाळंतपण आधी कसं ओळखायचं, महारोगाचा चट्टा कसा तपासायचा. वही-पेन्सिल नव्हती, पण चित्रं होती, गाणी होती आणि पुन्हा पुन्हा करून घेणं होतं. वेगवेगळ्या जातींच्या या बायका एकत्र जेवल्या, एकत्र झोपल्या. तो त्यांचा सगळ्यात अवघड धडा होता.

पुढच्या दोन-अडीच दशकांत त्या गावांतला बालमृत्यूचा आकडा पंचविशीच्या आसपास आला. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी अल्मा-आटा इथे जगभरातल्या देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेची हाक दिली, तेव्हा ज्या प्रयोगांकडे बोट दाखवलं जात होतं त्यांत जामखेड होतं. आणि १९८८ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत याच बायकांतल्या, जामखेडच्या मुक्ताबाई पोळ बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातल्या झगमगत्या झुंबराशी त्यांनी आपल्या हातातल्या पणतीची तुलना केली. झुंबर सुंदर, पण ते दुसरं झुंबर पेटवू शकत नाही. पणतीने पणती लागते. सभागृह उठून उभं राहिलं.

टाळ्यांपेक्षा मला मोठी वाटते ती त्यापुढची गोष्ट. जामखेडला देशोदेशीचे डॉक्टर आणि विद्यार्थी शिकायला येतात आणि त्यांना शिकवायला याच बायका असतात. ज्यांना एके काळी गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, त्या आज जगाला आरोग्य शिकवतात. जामखेडने दार नुसतं उघडलं नाही. आत आलेल्यांना फळ्यापाशी उभं केलं.

आज गावोगावी आशाताई आहेत. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानातून ही योजना आली आणि तिच्या मुळाशी जामखेडसारख्या प्रयोगांचं शहाणपण आहे. पण आशाताई कामाच्या मोबदल्यावर राबते. तिच्या लेकीने तिथेच थांबू नये असं मला कळकळीने वाटतं. पुढची पायरी आहे. बारावीनंतर नर्सिंगचं एएनएम, जीएनएम आहे. कुठल्याही शाखेची पदवी असली तरी अनेक ठिकाणी एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, करता येते. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचा परिसर १९८६ पासून आहे, म्हणजे मराठवाड्यातच. आकड्यांची आवड असलेल्या पोरीसाठी मुंबईत देवनारला १९५६ साली स्थापन झालेली लोकसंख्याशास्त्राची संस्था आहे. देशभरात किती बाळं कुपोषित, किती बायांना रक्त कमी, याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच करते.

मग हिमायतनगरच्या एका सुट्टीत काय करता येईल? मुस्लिम मोहल्ल्यातली, बंजारा तांड्यावरची, आंध आणि दलित वस्तीतली वीस-पंचवीस मुलं-मुली. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात चार आठवडे. सकाळी वर्ग, उन्हं उतरल्यावर वस्ती. जेवण एकत्र, हे जामखेडचं पथ्य पाळायचंच. शिकवायला डॉक्टर असावेत, पण त्यांच्याआधी वीस वर्षं गाव पालथं घातलेली आशाताई असावी.

आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात दंड मोजायची रंगीत पट्टी द्यावी. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाच्या डाव्या दंडाभोवती, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध ती गुंडाळायची, फार आवळायची नाही. माप साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, लाल पट्ट्यात गेलं, तर ते बाळ तीव्र कुपोषित. वाट न बघता दवाखाना. शेजारच्या घरातल्या, रोज कडेवर घेतलेल्या लेकराच्या दंडावर लाल रंग दिसला की एखादी मुलगी आधी गप्प होईल आणि मग विचारेल, आपल्या गल्लीत अशी अजून किती आहेत? हा प्रश्न तिने वहीत लिहून घ्यावा. सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास तिथूनच सुरू होतो.