मदत थेट आईच्या हातात!

आपलं राजूर वणी तालुक्यातलं. एकीकडे कोळसा, दुसरीकडे कापूस. कर्ता माणूस गेला की सगळं घर एकट्या बाईवर येतं.

२०१५ साली नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या पत्नींना १५,००० रुपयांचे धनादेश द्यायला सुरुवात केली. लोकांनीही हात सैल सोडला आणि ‘नाम फाउंडेशन’ उभं राहिलं.

गावातल्या अडचणीतल्या आयांसाठी आपण काय करू शकतो?
✅ महिन्याचा किराणा, मुलांच्या वह्या
✅ गरोदरपणाच्या तपासणीला जायचं बसभाडं
✅ अर्ज भरायला मदत. पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात. आधार आणि बँक खातं जोडलेलं हवं. अंगणवाडीताई किंवा आशाताईंना विचारा.

आणि हो, देताना फोटो काढू नका!