पुढून उडणारी पिकअप आणि बदनाम शॉकअप

नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट उतरवून पिकअप रिकामी परत निघते आणि पहिल्याच गतिरोधकावर तिचं तोंड वर जातं, खाली येतं, पुन्हा वर जातं. दहा-बारा वर्षं राबलेल्या गाडीत हे सुरू झालं की चालकाचं निदान ठरलेलं असतं : शॉकअप गेले. गॅरेजमध्येही बहुधा तेच ऐकायला मिळतं. नवी जोडी बसते, पैसे मोजले जातात, आणि बऱ्याचदा गाडी उडायची ती उडतच राहते. शॉकअप झिजतात हे खरंच आहे. पण पुढून उडणाऱ्या प्रत्येक गाडीत दोष त्यांचाच असतो, हा गैरसमज आहे आणि तो महाग पडतो.

घोळ नावापासूनच सुरू होतो. शॉक ॲब्सॉर्बर म्हणजे धक्का शोषणारा. तेव्हा गाडीचं वजन आणि खड्ड्याचा दणका तोच झेलत असणार, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात वजन पेलते ती स्प्रिंग, मग ती पाट्यांची असो, कॉइलची असो की टॉर्शन बारची. दणकाही आधी तीच घेते. मात्र दबलेली स्प्रिंग घेतलेला जोर परत करते आणि गाडी झोके घेऊ लागते. हे झोके थांबवणं एवढंच शॉकअपचं काम. त्याच्या आत पिस्टन तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून आणि व्हॉल्व्हमधून रेटलं जातं, आणि हालचालीतली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. म्हणूनच पुढून खाली बसलेली गाडी साधे नवे शॉकअप घालून वर येत नाही. ते दुखणं स्प्रिंगचं असतं.

दुसरा आवडता उपाय म्हणजे पाटा वाढवणं. ‘एक पाटा टाका, गाडी कडक होईल’ हा सल्ला बोजा वाहण्यापुरता ठीक. उडणं थांबवण्यासाठी तो उलटा आहे. स्प्रिंग कडक झाली की झोके भराभर येतात आणि ते आवरायला शॉकअपही अधिक ताकदीचा लागतो. तो जुनाच राहिला तर त्याची पकड आधीपेक्षा अपुरी पडते. हिशेब साधा आहे. गाडीच्या वजनाने स्प्रिंग 10 सेंटिमीटर दबत असेल तर झोके सेकंदाला साधारण दीड. 4 सेंटिमीटरच दबत असेल तर अडीच. रिकामी पिकअप भरलेल्या गाडीपेक्षा जास्त का आदळते, याचंही उत्तर इथेच आहे.

पाट्यांविषयी आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. जुन्या पद्धतीच्या अनेक पाट्यांच्या स्प्रिंगमध्ये पाटे एकमेकांवर घासतात आणि हे घर्षणच काही प्रमाणात झोके थांबवतं. करकर आवाज बंद व्हावा म्हणून पाट्यांवर जळकं ऑइल मारलं की आवाज जातो, पण ते घर्षणही कमी होतं. शॉकअप आधीच थकलेला असेल तर त्याचं खरं रूप तेव्हा उघड होतं. पॅराबोलिक पाट्यांमध्ये पाटे मध्य आणि टोकं सोडली तर एकमेकांना टेकतच नाहीत, त्यामुळे तिथे सगळी भिस्त शॉकअपवरच.

याच्या अगदी उलटही घडतं. पावसात आणि खाऱ्या हवेत वावरणाऱ्या गाडीचे पाटे गंजून एकमेकांना धरतात, किंवा पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या शॅकलची पिन ग्रीस न मिळाल्याने अडकते. मग स्प्रिंग हलतच नाही आणि सगळी गाडी टायरवर उसळू लागते. टायर ही हवेची स्प्रिंगच आहे आणि तिला आवरणारं जवळजवळ काहीच नसतं. इथे शॉकअप कितीही भारी घाला, दोन्ही टोकांमध्ये हालचालच नसेल तर तो काय थांबवणार? म्हणून शॅकल हलतो का, त्याच्या पिना आणि बुश कसे आहेत, यू-बोल्ट ढिले आहेत का, हे शॉकअप खोलण्याआधी बघायला हवं.

आता तपासणीकडे. बॉनेटचा कोपरा दाबून सोडायचा आणि गाडी एक-दीड हेलकाव्यात थांबली की शॉकअप ठीक मानायचे, ही चाचणी सगळ्यांना ठाऊक आहे. हलक्या कारला ती बऱ्यापैकी चालते. पिकअपची पुढची स्प्रिंग मात्र इतकी कडक असते की माणसाच्या जोराने ती फारशी दबत नाही. त्यामुळे निकाम्या शॉकअपची गाडीही या परीक्षेत पास होते. त्याहून भरवशाची खूण हाताला कळते. खराब रस्त्यावरून काही किलोमीटर गाडी चालवून आल्यावर दोन्ही शॉकअपना जपून हात लावावा. काम करणारा कोमट किंवा गरम लागतो. शेजारचा गार असेल तर संशय त्याच्यावर. खात्री करायची तर खालचा बोल्ट काढून हाताने ओढून-दाबून पाहावं. मधेच पोकळ जागा लागली किंवा दांडा सहज सरकला, तर तो संपला.

तेल गळत नाही म्हणजे शॉकअप चांगला, हेही खरं नाही. बाहेरून कोरडा ठणठणीत असलेल्या शॉकअपचे आतले व्हॉल्व्ह झिजलेले असू शकतात. उलट दांड्याजवळ तेलाचा नुसता ओलसर थर दिसला म्हणून लगेच बदलायची गरज नाही. ओघळ खाली आला असेल तर मात्र थांबू नये. शिवाय त्याच्या दोन्ही टोकांचे रबर बुश बघावेत. ते झिजले की लहान खड्ड्यांवर शॉकअप कामाला लागण्याआधीच मोकळ्या जागेत हलतो, आणि टकटक आवाज सुरू होतो. दोष काही रुपयांच्या बुशात आणि बदलला जातो अख्खा शॉकअप.

चालक ज्याला ‘उडणं’ म्हणतो ते कधीकधी टायरचं काम असतं. गाडीचे झोके सेकंदाला एक ते अडीच, सहज मोजता येतील असे. टायरचा दोष त्याहून फार वेगाने जाणवतो. साधारण 2.2 मीटर घेर असलेला टायर ताशी 80 किलोमीटरला सेकंदात दहा फेरे मारतो. त्याला टेंगूळ असेल किंवा बॅलन्सिंग बिघडलं असेल तर सेकंदाला दहा ठोके. गुळगुळीत रस्त्यावरही, ठरावीक वेगालाच गाडी थरथरते, ती यामुळे. पुढचे टायर मागे घालून बघावेत; थरथर मागे गेली तर निदान झालं. माल भरायचा म्हणून मागच्याइतकीच हवा पुढेही भरण्याची सवय असते, तीही रिकाम्या गाडीला आदळवते.

आणि कधीकधी दोष पुढे नसतोच. फाळका उघडा टाकून मागच्या चाकांच्याही पलीकडे माल रचला की पुढचा भाग तराजूच्या पारड्यासारखा हलका होतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 3 मीटर असेल आणि मागच्या ॲक्सलच्या 1 मीटर मागे 300 किलो ठेवले, तर पुढच्या चाकांवरचं वजन 100 किलोने घटतं. स्टिअरिंग हलकं लागतं, तोंड डोलतं आणि घाटात ब्रेकवर पुढचं चाक हवं तसं धरत नाही. यावर एकही नवा पार्ट लागत नाही. माल पुढे सरकवावा लागतो.

तेव्हा चालकांनी गॅरेजमध्ये ‘शॉकअप बदला’ असं सांगत जाऊ नये. गाडी रिकामी उडते की भरलेली, खड्ड्यानंतर उडते की सपाट रस्त्यावरही, कोणत्या वेगाला आणि सेकंदाला साधारण किती वेळा, एवढं सांगावं. आणि शॉकअप खरोखरच गेला असेल तर एकच न बदलता पुढच्या दोन्ही बाजूंचे एकदम बदलून घ्यावेत.