भट्टी निळी का होत नाही?

बी.एस्सी.ला क्वांटमचा पेपर आला की वर्गात ठरावीक प्रश्न निघतात, कॉलेज मुंबईचं असो की जालन्याचं. ऊर्जा तुकड्यातुकड्यांनी मिळते, तर ती सलग का वाटते? समीकरणात मधेच ‘आय’ कुठून उपटला? कुणी पाहिलंच नाही, तर चंद्र नसतो का? या सगळ्यांना बहुधा एकच उत्तर मिळतं: क्वांटम असंच विचित्र असतं, तुम्ही गणितं सोडवा. उत्तर नम्र वाटतं, पण त्यात घोटाळा आहे. यांतल्या बहुतेक प्रश्नांना पक्की, आकड्यांत मांडता येणारी उत्तरं आहेत. खरोखर न सुटलेला प्रश्न एखादाच. सगळ्यांवर विचित्रपणाचा एकच शिक्का मारला, की सुटलेलंही समजत नाही आणि न सुटलेलं ओळखू येत नाही.

जालन्याच्या विद्यार्थ्याला पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथल्या एमआयडीसीतच मिळू शकतं. इथल्या पोलाद कारखान्यांत भंगार इंडक्शन भट्टीत वितळवून त्याचे बिलेट ओततात आणि रोलिंग मिलमध्ये त्यांच्या सळया होतात. बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला बिलेट पिवळट नारिंगी दिसतो, निवताना लाल होतो, मग काळपट. निळा तो कधीच होत नाही. हे इतकं नेहमीचं आहे की यात काही विचारण्यासारखं आहे असं वाटत नाही. पण एकोणिसाव्या शतकातल्या भौतिकशास्त्राकडे याचं धड उत्तर नव्हतं. त्या हिशोबाने तापलेल्या पोकळीतली ऊर्जा प्रकाशाच्या प्रत्येक कंपनप्रकाराला सारखी वाटली जायला हवी. वारंवारता वाढेल तसे हे प्रकार वाढतच जातात, त्यांना अंत नाही. म्हणजे भट्टीचं दार उघडताच निळा, अतिनील आणि त्यापलीकडचा प्रकाश अमर्याद बाहेर पडायला हवा. हे होत नाही हे कोणत्याही कामगाराला ठाऊक होतं. नेमकं काय होतं ते बर्लिनच्या प्रयोगशाळेत मोजलं गेलं. रुबेन्स आणि कुर्लबाउम यांच्या १९०० सालच्या मोजमापांशी जुळणारं सूत्र मॅक्स प्लांक यांनी ऑक्टोबरमध्ये मांडलं आणि १४ डिसेंबरला त्यामागचं कारण दिलं: ऊर्जा हवी तितकी बारीक वाटता येत नाही, सर्वांत लहान वाटा म्हणजे वारंवारता गुणिले एक ठरावीक स्थिरांक.

बाकीचा हिशोब कॅल्क्युलेटरवर होतो. बाराशे अंशांना एका कंपनप्रकाराच्या वाट्याला येऊ शकणारी उष्णतेची ऊर्जा सुमारे ०.१३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. लाल प्रकाशाचा एक वाटा १.७७, निळ्याचा २.७६. लाल वाटाच मुळात महाग, आणि निळा जमण्याची शक्यता त्याहून सुमारे २३०० पट कमी. म्हणून बिलेट निळा होत नाही. मग झोपाळ्याची ऊर्जा सलग का वाटते? कारण स्थिरांक ६.६२६ × १०⁻³⁴ ज्यूल-सेकंद इतका चिमुकला आहे. सेकंदाला एक हेलकावा घेणाऱ्या झोपाळ्याच्या ऊर्जेतली पायरी कोणत्याही उपकरणाला दिसणार नाही. यावर कुणी म्हणेल, पोलाद ही काही आदर्श कृष्णिका, म्हणजे पडेल तो सगळा प्रकाश शोषणारी वस्तू, नव्हे. बरोबर, म्हणूनच पायरोमीटरने तापमान मोजताना एमिसिव्हिटीची, म्हणजे आदर्शाच्या तुलनेत पृष्ठभाग किती प्रकाश फेकतो त्याची, दुरुस्ती करावी लागते. पण ती दुरुस्ती काही पटींची, हजारोंची नाही. दुसरा आक्षेप असा, की प्लांक यांनी प्रकाशच तुकड्यांचा असतो असं म्हटलं नव्हतं, ते धाडस १९०५ साली आइन्स्टाइन यांनी केलं. हेही खरं. पण दोघांनाही तिथवर आणलं ते मोजमापांनी, विचित्रपणाच्या हौसेने नव्हे.

‘आय’ची भीती तर नावामुळेच. ‘काल्पनिक संख्या’ म्हटल्यावर ती खोटी वाटणारच. प्रत्यक्षात आयने गुणणं म्हणजे प्रतलात काटकोनात वळणं. दोनदा वळलं की तोंड उलट दिशेला, म्हणजे उणे एक. श्रोडिंगर यांच्या १९२६ च्या समीकरणात आय असतो तो यासाठी, की तिथल्या राशीला, म्हणजे तरंगफलाला, आकारमानाबरोबर कलाही (फेज) असते आणि ती काळानुसार फिरत राहते. इलेक्ट्रिकलचे विद्यार्थी प्रत्यावर्ती प्रवाहाच्या हिशोबात हाच आय, जे या नावाने, बिनतक्रार वापरतात. अर्थात तिथे तो सोयीचा असतो, साइन-कोसाइनवरही भागतं. क्वांटममध्ये तो सोयीपुरता की अपरिहार्य, यावर गेल्या काही वर्षांतही शोधनिबंध निघाले आहेत. म्हणजे विद्यार्थ्याची शंका वाटते तितकी बाळबोध नाही.

राहिला चंद्र. इथे निम्मं उत्तर पक्कं आहे. व्हिएन्नातल्या संशोधकांनी २००४ मध्ये सत्तर कार्बन-अणूंचे रेणू लेसरने तापवून जाळ्यांमधून सोडले. थंड रेणू लहरींसारखे व्यतिकरणाचे पट्टे दाखवत; जसजसे ते तापले, तसतसे पट्टे पुसट होत नाहीसे झाले. तापलेला रेणू बिलेटसारखाच प्रकाश फेकतो, आणि त्या प्रकाशातून रेणू कुठे आहे याची खूण बाहेर पडते. ती कुणी वाचली की नाही, याने फरक पडत नाही. तेव्हा निरीक्षणाला माणसाचा डोळा लागत नाही, आणि चंद्राच्या खुणा तर सूर्यप्रकाश अखंड वाहून नेत असतो. पण उरलेलं निम्मं तसंच राहतं. पट्टे का पुसले जातात ते समीकरणातून निघतं. प्रत्येक वेळी अनेक शक्यतांपैकी एकच निकाल का हाती येतो, ते निघत नाही. समीकरणात बदल हवा, की सगळेच निकाल वेगवेगळ्या शाखांत घडतात, की तरंगफल म्हणजे फक्त आपल्या माहितीचा हिशोब, यावर शंभर वर्षांनंतरही भौतिकशास्त्रज्ञांचं एकमत नाही. ‘अजून कुणालाच माहीत नाही’ हे उत्तर वर्गात शोभतं ते या एका प्रश्नाला.